चार पट्ट्या जास्तीच्या

ग्लेनिसने मला सोडलं ते बुधवारी दुपारी, स्कोनला जॅम लावता लावता. नवरासुद्धा सोडून जाताना निदान दार तरी आपटतो. ही बाई सुरी बशीच्या कडेला पुसत म्हणाली, "कोरल, यंदा जोडीच्या स्पर्धेत मी अँथियाबरोबर खेळतेय."

"कोण अँथिया?" मी विचारलं. सगळ्या बुनारा गावात एकच अँथिया आहे, हे मला काय माहीत नव्हतं?

"औषधाच्या दुकानातली गं."

"बरं. क्रीम सरकव इकडे."

झालं, एवढंच बोलणं. एकवीस वर्षांचा निकाल एका स्कोनमध्ये लागला. आणि गोल्फमधली ही जोडी म्हणजे काय नुसती शेजारीशेजारी चालायची जोडी नव्हे. जोडीच्या खेळात चेंडू एकच असतो. एक फटका एकीने मारायचा, पुढचा दुसरीने. तिने झुडपात घातला तर मी काढायचा, मी कुंपणाशी नेला तर तिने गुडघ्यावर बसून मारायचा, आणि वर तोंडातून ब्र काढायचा नाही. अशी एकवीस वर्षं आम्ही काढली. पाच वेळा जिंकलो. शेवटची दोन वर्षं हरलो, पण ते होतंच कधी कधी. तिचे फटके डावीकडे जायला लागले होते, दावं तोडलेल्या शेळीसारखे. मी तिला एका शब्दाने बोलले नव्हते. म्हणजे, फारसं नाही.

अँथिया बुनारात येऊन दीड वर्ष झालं. बेचाळीस वर्षांची, कंबर जागच्या जागी, दात एका ओळीत. सिडनीत मोठं दुकान होतं म्हणे, तिथली धावपळ नको म्हणून इकडे आली. आली तर आली. औषधं द्यावीत, सर्दीखोकला बघावा, गप्प बसावं. पण नाही, बाईसाहेबांना बुधवारचा गोल्फही खेळायचा. बुधवारी आमच्या क्लबात जेवणाला प्रत्येकीने काहीतरी करून आणायचं असतं. पहिल्याच बुधवारी हिने स्कोन आणले. पीठ चक्क बाटलीतल्या गोड सोड्यात भिजवलेलं. लोणी चोळायला नको, मळायला नको, दहा मिनिटांत तयार. आणि फुगले मेले, माझ्यापेक्षा जास्त फुगले. तेव्हाच मला ती बाई डोळ्यात खुपली, आज खोटं कशाला बोलू?

ग्लेनिसने सोडलं त्या बुधवारी मी घरी आले ती डेसला काही बोलले नाही. डेस म्हणजे माझा नवरा. शेत मुलाला देऊन मोकळा झालाय, आता दिवसभर रेडिओवर शर्यती ऐकतो आणि माझ्यावर लक्ष ठेवतो.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"कुठे काय?"

"ओटा तीनदा पुसलास."

"ग्लेनिस त्या केमिस्टबरोबर खेळणार आहे जोडीत."

त्याने रेडिओचा आवाज कमी केला. शर्यत चालू असताना डेस आवाज कमी करतो, म्हणजे गोष्ट गंभीर आहे हे त्यालाही कळलं होतं. "कारण काय सांगितलं?"

"काही नाही. मीही विचारलं नाही."

"मग विचार की, कोरल. तोंड दिलंय ना देवाने? इतर वेळी तर थांबत नाही ते."

मी विचारलं नाही. का विचारू? मला काय कळत नव्हतं? माझं वय सदुसष्ट, तिचं सहासष्ट. आमच्या दोघींची मिळून कंबर नाही. तिला जिंकायचं होतं आणि माझ्याबरोबर जिंकता येत नव्हतं. फटके तिचे डावीकडे जाणार आणि बदलायचं मात्र मला. रात्रभर माझ्या डोक्यात हेच. सकाळी चहा करताना मी साखरेऐवजी मीठ घातलं, आणि डेसने तो निमूट प्यायला.

आता माझ्या कामाचं सांगते. माझे वडील खोगीर शिवायचे. घोडे गेले, मोटारी आल्या, तेव्हा ते गोल्फच्या काठ्यांना चामड्याच्या मुठी गुंडाळून द्यायला लागले. ते काम मी उचललं. आता चामडं राहिलं नाही, रबराच्या ग्रिपा असतात, पण घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबल तेच आहे. बुनारा आणि आजूबाजूच्या तीन गावांतल्या काठ्या माझ्याकडेच येतात. लोक येतात आणि रंग बघतात. निळी दाखव, लाल दाखव. मी म्हणते, रंग गेला खड्ड्यात, हात ठेव टेबलावर. ग्रिप डोळ्यांनी निवडायचीच नाही. मेंढ्या कातरणाऱ्यांचे हात लोकरीच्या तेलाने लोण्यासारखे मऊ होतात, काठी सटकते. त्यांना सूत घातलेली खरखरीत ग्रिप लागते. गहूवाल्यांच्या हाताला घट्टे, त्यांना मऊ रबर. मग जाडी. काठी मुठीत धरली की मधली दोन बोटं वळून अंगठ्याच्या मुळाशी जेमतेम टेकली पाहिजेत. बोटं तळव्यात रुतली तर ग्रिप बारीक, मधे फट राहिली तर जाड. आणि माप दर वेळी नव्याने घ्यायचं, मग तो माझा सख्खा भाऊ का असेना. हात बदलतो. हे मला वडिलांनी शिकवलं आणि मी चाळीस वर्षं पाळलं.

स्पर्धेच्या नऊ दिवस आधी, शुक्रवारी सकाळी, ग्लेनिस पिशवी घेऊन शेडमध्ये आली. मला वाटलं, माफी मागायला आली. मी मनात वाक्यही तयार केलं, असू दे गं वगैरे.

"ग्रिपा बदलायच्यात," ती म्हणाली. "अँथिया म्हणाली, अगदी गुळगुळीत झाल्यात."

"अँथिया म्हणाली का? औषधं देऊन वेळ उरतो वाटतं तिला."

"झाल्यात ना पण गुळगुळीत?"

झाल्या होत्या. काचेसारख्या झाल्या होत्या. हे आधी मला दिसायला हवं होतं, आणि ते त्या बाईला दिसलं, म्हणून माझ्या अंगाची आणखीच आग झाली. मी काठ्या एकेक करून पिशवीतून काढायला लागले. ग्लेनिस तशीच उभी. मग तिने आपणहून डावा हात टेबलावर ठेवला.

"माप घेतेस ना?"

"तुझं माप मला पाठ आहे. एकवीस वर्षं घालतेय."

"तरी घे की."

"मला दुसरी कामं नाहीत का, ग्लेनिस? डेसच्या भावाच्या बारा काठ्या पडल्यात." पट्टी माझ्या हाताशीच होती. मी तिच्याकडे पाठ केली आणि फडताळात उगाचच डबे हलवत राहिले.

मी वळले तेव्हा तिचा हात स्वेटरच्या खिशात गेलेला होता. "बरं. तुला योग्य वाटेल तसं कर," ती म्हणाली, आणि दाराशी जाऊन बराच वेळ कडीशी खाटखूट करत बसली. "तुझी कडी फार घट्ट झालीय गं."

"आजवर कोणाला झाली नव्हती," मी म्हटलं, आणि जाऊन उघडून दिली.

ती गेली. मी त्या दिवशी काठ्यांना हात लावला नाही. शनिवारी गावात गेले तर औषधाच्या दुकानाच्या बाहेर, बाकावर, दोघी बसलेल्या. आइस्क्रीम खात होत्या. ग्लेनिस थंडीत आइस्क्रीम खाते हे मला एकवीस वर्षांत माहीत नव्हतं. अँथिया काहीतरी म्हणाली आणि ग्लेनिस मान मागे टाकून हसली. माझ्याबरोबर ती अशी शेवटची कधी हसली होती ते मला आठवेना. मी गाडी तशीच पुढे नेली. ब्रेड आणायचा होता, आणला नाही.

घरी आले, जेवणही केलं नाही, सरळ शेडमध्ये शिरले. बाहेर लख्ख ऊन होतं, गलाह पक्षी पाण्याच्या टाकीवर किचकिचत होते, आणि मी नीट शुद्धीवर राहून ते केलं. कोणाला असं वाटायला नको की माझा तोल गेला होता.

टेबलाच्या कडेला व्हाइस आहे, त्यात काठी आडवी आवळली. आकड्याच्या सुरीने जुनी ग्रिप उभी चिरली, सोलून काढली. खालची जुनी पट्टी खरवडली. एरवी काठीवर दोन्हीकडून चिकट अशी एकच पट्टी लावायची, ग्रिपमध्ये टर्पेंटाइन ओतायचं, आणि ते वाळायच्या आत ग्रिप एका दमात वर सरकवायची. मी त्या एका पट्टीच्या आधी कागदी चिकटपट्टीचे चार थर दिले. गुळगुळीत, सुरकुती न पडू देता. ग्रिप काळीच, नेहमीची, नेहमीच्याच कंपनीची. वर चढली की आत काय आहे ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. फक्त मूठ जाड होते. मूठ जाड झाली की मनगट वळायचं तसं वळत नाही, आणि मनगट वळलं नाही की चेंडू उजवीकडे जातो. आमच्या मैदानावर तिसऱ्या होलला उजवीकडे हेनेसीच्या गव्हाचं कुंपण आहे. पलीकडे गेला की दंड. पाचव्याला उजवीकडे तळं, सातव्याला परत तेच कुंपण. मी काठीमागून काठी करत गेले आणि मनात चेंडू त्या गव्हात टाकत गेले. प्रत्येक चेंडूबरोबर अँथियाचं तोंड बघत होते. लाज वाटली का? वाटली. सहाव्या काठीला वाटली. मग मला ते आइस्क्रीम आठवलं आणि मी सातवी घेतली.

सोमवारी डेस काठ्या पोचवून आला. मी मुद्दामच त्याला पाठवलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"थँक्यू म्हणाली. एक काठी हातात धरून बघितली. बराच वेळ बघितली."

"आणि?"

"आणि काय? ठेवली पिशवीत." तो माझ्याकडे बघत राहिला. "तू काही केलंस का?"

"ग्रिपा घातल्या. तेच करते ना मी?"

स्पर्धेच्या रविवारी पहाटे हिव पडलं होतं, गवत पांढरं, कांगारू नवव्या होलवर उन्हाला बसलेले. माझ्या गळ्यात यंदा विल्मा होती. विल्मा पूर्वी पोस्टात होती आणि गावातल्या सगळ्यांची पत्रं तिला अजून आठवतात. काठ्यांची पिशवी खांद्याला झेपत नाही म्हणून दोन चाकांवर ओढत आणते. चिठ्ठ्या काढल्या, आणि नशीब बघा, आम्ही दोघी आणि त्या दोघी एकाच गटात. म्हणजे अठरा होल त्यांच्याबरोबरच चालायचं. मला वाटलं, चांगलंच झालं. जवळून बघता येईल.

पहिला फटका ग्लेनिसचा. ती काठी धरून उभी राहिली. तिने मागे नेली, मारली. मी उजवीकडे बघत होते, तिथे काही दिसलं नाही. चेंडू सरळ गेला. दोरी धरल्यासारखा मधोमध.

"वा," अँथिया म्हणाली.

चुकून लागला, मी म्हटलं. मनात.

तिसऱ्याला मी हेनेसीच्या कुंपणाकडे तोंड करूनच उभी होते. परत सरळ. पाचव्याला सरळ, तळ्याच्या कितीतरी डावीकडून. दोन वर्षं ज्या बाईचे फटके डावीकडे पळत होते ती आता बाणासारखी मारत होती. आणि मग मला कळलं मी काय करून ठेवलंय. डावीकडे जाणाऱ्याला उजवीकडे ढकललं तर तो कुठे जाणार? सरळच जाणार. चाळीस वर्षं हे काम करतेय आणि एवढा साधा हिशेब रागाच्या भरात माझ्या डोक्यात आला नाही.

तरी ते एक वेळ सोसलं असतं. न सोसणारी गोष्ट निराळीच होती. अँथिया ग्लेनिसची पिशवी वाहत होती. स्वतःची एका खांद्यावर, तिची दुसऱ्या. चहाला थांबलो तर थर्मासचं झाकण अँथियाने उघडून दिलं, कप हातात दिला. आमच्याकडे होलभोवती हिरवळ नसते, पाणी आणायचं कुठून? तेल पाजलेली वाळू असते, आणि चेंडू ढकलायच्या आधी लोखंडी दाताळ्याने ती सरळ ओढून घ्यावी लागते. तेही अँथियाच करत होती, दर वेळी. पूर्वी ते आम्ही दोघी आळीपाळीने करायचो.

"राणीसाहेबांचा थाट बघ," मी विल्माला म्हटलं. "आता पालखीच आणायची बाकी आहे."

"असू दे गं," विल्मा म्हणाली. "छान जमलंय त्यांचं."

तेवढ्यावरून माझा पुढचा फटका झुडपात गेला. विल्माने तो काढला, आणि काढताना मला १९८८ सालचं कोणाचं तरी पत्र सांगितलं. मी एक शब्द ऐकला नाही. पुढे त्या दोघी एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून चालल्या होत्या आणि काय एवढं बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं. हरण्याचं दुःख मला होतंच, नाही कशाला म्हणू? पण खरं सांगते, त्या वेळी कोणी मला म्हणालं असतं की तू शंभर फटक्यांनी हर, पण ग्लेनिसशेजारी तू चाल, तर मी लगेच हो म्हटलं असतं.

त्या जिंकल्या. आमच्यापेक्षा सात फटके कमी.

दुपारी क्लबात बक्षिसं. बशा मांडलेल्या, लॉटरीत कच्च्या मटणाचं ताट लागलेली बाई ते मांडीवर घेऊन बसलेली. ग्लेनिसला दोन शब्द बोलायला सांगितलं. ग्लेनिस आजवर कधी बोलली नव्हती, पाचही वेळा भाषण मीच केलं होतं. ती उठली आणि दोन्ही हात पुढे धरले.

"हे बघा," ती म्हणाली. "संधिवात. दोन हिवाळे झाले. नळ फिरवता येत नाही, बरणी उघडत नाही, बोटं मिटत नाहीत. मी कोणाला सांगितलं नाही. अँथियाला कळलं, कारण गोळ्या मी तिच्याकडून घ्यायचे, आणि ते तिला दुसऱ्या कोणाला सांगताही येत नव्हतं. मी खेळणं सोडणार होते, हिने मला ओढत आणलं." मग ती माझ्याकडे वळली. "आणि ही कोरल. मी हिला काहीच सांगितलं नव्हतं. तरी हिने माझ्या ग्रिपा जाड केल्या. दोन वर्षांनी आज पहिल्यांदा मी काठी न दुखता धरली. हे बक्षीस हिचंही आहे."

सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. विल्माने माझ्या पाठीवर हात फिरवला. "तू म्हणजे ना, कोरल," ती म्हणाली, "वरून काटेरी आणि आतून एवढी गोड." मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी हसले. काय करणार? पन्नास माणसं टाळ्या वाजवत असताना माणूस हसतो.

नंतर ग्लेनिस मागच्या स्वयंपाकघरात बशा धुवायला गेली, मी तिच्या मागोमाग गेले आणि दार लावलं. ती गरम पाण्यात हात घालून नुसती उभी होती. पाण्यात तिची बोटं दिसत होती. सांधे सुजलेले, दोन बोटं एका बाजूला वळलेली. हे एका दिवसात होत नाही. हा हात तिने माझ्या टेबलावर ठेवला होता.

"ग्लेनिस, मी तुझे हात बघितले नव्हते."

"माहीत आहे."

"मी त्या ग्रिपा तू हरावीस म्हणून जाड केल्या."

"तेही माहीत आहे." तिने एक बशी उचलली, दोन्ही तळव्यांच्या मधे धरून. "सोमवारी काठी हातात घेतली तेव्हाच कळलं. तुझ्या हातची ग्रिप मला कळणार नाही का? मी म्हटलं, एक तर कोरलने माझे हात बघितले, नाही तर कोरल माझ्यावर चिडलीय. आणि तू तर माझ्याकडे पाठ करून डबे हलवत होतीस."

"मग तिकडे सगळ्यांसमोर ते कशाला बोललीस?"

"तू ते बसून ऐकावंस म्हणून," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, काही नाही. "टाळ्या कशा लागल्या?"

मी एक बशी घेऊन पुसायला लागले. ती आधीच पुसलेली होती.

"मला सांगायचं होतंस," मी म्हटलं. "एकवीस वर्षं, ग्लेनिस. त्या बाईला सांगितलंस आणि मला नाही."

"तिला मी सांगितलं नाही, तिला कळलं. तुला सांगणार होते. गेल्या वर्षी, इस्टरच्या आधीच्या बुधवारी." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "त्याच बुधवारी विल्माने चाकांवरची पिशवी आणली. तू काय म्हणालीस आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. मी दिवसभर काही ना काही म्हणत असते.

"तू म्हणालीस, झेपत नसेल तर घरी बसावं माणसाने, दुसऱ्याच्या गळ्यात कशाला पडावं? आणि माझ्याकडे बघून हसलीस. मीही हसले. त्या दिवशी पिशवी गाडीतून काढायला मला दहा मिनिटं लागली होती, कोरल."

"ते मी विल्माबद्दल म्हटलं होतं."

"ऐकलं मी होतं ना."

बाहेर कोणीतरी खुर्च्या एकावर एक रचत होतं. मी म्हटलं, मी मूर्ख आहे. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, माझी जीभ झडो. ती म्हणाली, झडायची नाही ती, मला माहीत आहे. तिच्या तोंडावर थोडं हसू आलं, म्हणून मी धीर करून विचारलं.

"पुढच्या वर्षी खेळशील माझ्याबरोबर? पिशवी मी वाहीन. वाळू मी ओढीन."

तिने पाण्यातला फडका शोधून काढला. "पुढच्या वर्षीही मी अँथियाबरोबरच खेळणार आहे," ती म्हणाली. "ग्रिपा तूच घाल. एवढ्याच जाड."

"बरं," मी म्हटलं.

तेवढ्यात दार ढकलून अँथिया आत आली. तिने आमच्या दोघींकडे बघितलं. ग्लेनिस तो फडका पिळायचा प्रयत्न करत होती आणि तो पिळला जात नव्हता, नुसतं पाणी मनगटांवरून कोपरांकडे ओघळत होतं. अँथियाने सहज तो तिच्या हातातून घेतला, पिळला आणि परत तिच्या हातात दिला. ग्लेनिसने तो घेतला आणि ओटा पुसायला लागली. एवढंच झालं. मी त्या दोघींपासून हातभर अंतरावर उभी होते, हातात कोरडी बशी, आणि माझा नुसता जळफळाट होत होता. फडका पिळायला काय लागतं? मलाही पिळता आला असता.